केस वाढत असतातच, तुटणं थांबवायचं असतं

निरोगी माणसाच्या डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. वर्षाचा हिशेब धरला तर पाच-सहा इंच. हा वेग आनुवंशिकता, वय आणि तब्येत यांवर ठरतो. बाहेरून लावलेलं कुठलंही घरगुती तेल तो दुप्पट करत नाही, मग बाटली पन्नास रुपयांची असो की दोन हजारांची. मग दोन-दोन वर्षं केस खांद्याच्या खाली उतरतच नाहीत, ते का? वरून जेवढे वाढतात तेवढेच खालून तुटतात म्हणून. कमी खर्चात केस लांब आणि दाट ठेवायचे तर आधी हे तुटणं थांबवायला हवं, आणि त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

सुरुवात एका फुकटच्या तपासणीने करा. कंगव्यात आलेले केस टाकून देण्याआधी उजेडात धरून बघा. एका टोकाला बारीक पांढुरका ठिपका दिसला तर तो केस मुळासकट गळलेला आहे. ठिपका नाही आणि केसही आखूड आहे, तर तो मधेच तुटलेला आहे. दिवसाला ५० ते १०० केस मुळासकट गळणं स्वाभाविक असतं. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळतो, त्याच जागी नवा येतो. तीन दिवसांनी न्हायलात तर त्या तीन दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात, म्हणून न्हाण्याच्या दिवशीचा पुंजका बघून घाबरू नका. तुटलेले आखूड तुकडेच जास्त दिसले तर पुढची तेल, पाणी आणि गुंत्याची माहिती तुमच्या कामाची आहे. ठिपकेवाले केस मूठमूठ येत असतील तर दोष बाहेर नाही, आत आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे, ते आधी वाचा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक चार-पाच वर्षं जुनं असतं. त्याने शेकडो न्हाणी, उन्हाळे आणि रबरबँड सोसलेले असतात. टाळूजवळचा केस मात्र नवा आणि धडधाकट असतो. तेल आणि ओलावा हवा असतो टोकांना, स्वच्छता हवी असते टाळूला. आपण नेमकं उलट करतो. तेल टाळूवर थापतो आणि फेस टोकांवर चोळतो.

तेल कोणतं, किती आणि कधी

रोजच्या वापराला साधं खोबरेल पुरेसं आहे आणि त्याला कारण आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ असतं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून धुतल्या जाणाऱ्या प्रथिनांचं प्रमाण कमी केलं ते फक्त खोबरेलाने. संशोधन तेल विकणाऱ्यांचंच होतं हे ध्यानात ठेवायला हवं, पण त्यामागचं रसायन पटण्यासारखं आहे. केस भिजला की फुगतो, वाळला की आक्रसतो, आणि दर वेळी त्याच्या बाहेरचे खवले थोडे उचकटतात. न्हाण्याआधी आत मुरलेलं तेल हे फुगणं कमी करतं. म्हणूनच तेलाचा खरा उपयोग न्हाण्याच्या आधी आहे. न्हाल्यानंतर दिवसभर चोपडून ठेवलं तर धूळच जास्त बसते.

प्रमाण सांगायचं तर खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण दहा मिलि. कमरेपर्यंत असतील तर तीन चमचे. यापेक्षा जास्त लावलेलं तेल केसांत मुरत नाही. ते काढायला दुप्पट शॅम्पू लागतो आणि तेलाने वाचवलेलं सगळं त्यात जातं. तेल तळहातावर घेऊन आधी कानाखालच्या केसांना, विशेषतः टोकांना लावा. बोटांना जे उरेल तेवढंच टाळूला. निदान एक-दोन तास राहू द्या, सोयीचं असेल तर रात्रभर. नाशिक-पुण्याच्या थंडीत तेल गोठतं, कारण २४-२५ अंशांखाली खोबरेल घट्ट होतं. बाटली गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं ठेवा. गॅसवर तेल तापवायची गरज नाही.

डोक्याला मालिश करायची तर बोटांच्या पेरांनी, टाळूची कातडी हलेल इतक्याच जोराने, चार-पाच मिनिटं. बोटं केसांवर घासू नका. दोन्ही तळहातांमध्ये केस धरून रगडण्याची पद्धत बरी वाटते, पण गुंता आणि तुटणं दोन्ही तिथूनच सुरू होतं.

खरेदी करताना वेष्टनाची मागची बाजू वाचा. घटक जास्तीपासून कमीकडे या क्रमाने छापलेले असतात. ‘बदाम’, ‘आवळा’, ‘जास्वंद’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या कित्येक केशतेलांत पहिला घटक ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ असतो. हे विषारी नाही. केसांवर चकाकी येते आणि गुंताही कमी होतो. पण ते आत शिरत नाही, आणि आपण पैसे मोजतो ते बदामाचे. खोबरेल घेताना खाद्यतेलाचं पाकीट घ्या. त्यावर हिरवा ठिपका आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक असतो. केसांना तेच चालतं. घाण्याचं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी केसांच्या दृष्टीने फार फरक नाही. खोबरेल महाग झालं की कोणी एरंडेल सुचवतं. ते नुसतं कधीच लावू नका. ते इतकं चिकट असतं की लांब केसांची जट होऊन कापावी लागल्याची उदाहरणं आहेत. लावायचंच तर चार भाग खोबरेलात एक भाग.

माक्याचं तेल घरी करायचं असेल तर अर्धा लिटर खोबरेलाला पाव किलो ताजा माका घ्या. स्वच्छ धुऊन, कपभर पाणी घालून वाटा आणि गाळा. जाड बुडाच्या भांड्यात तेल आणि हा रस एकत्र करून अगदी मंद आचेवर ठेवा आणि अधूनमधून ढवळत राहा. सुमारे पाऊण ते एक तास लागतो. तेल झालं की नाही ते ओळखायची जुनी खूण आजही सगळ्यात खात्रीची आहे: कापसाची वात तेलात बुडवून पेटवा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. शांत जळली की लगेच आच बंद करा. घरी केलेलं तेल बिघडतं ते इथेच. पाणी राहिलं तर पंधरा दिवसांत खवट वास येतो आणि बुरशी धरते. जास्त तापलं तर गाळ काळा पडून तेल करपतं. गार झालं की मलमलीच्या कापडातून गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. ओला चमचा घालू नका. माका, ब्रह्मी, कढीपत्ता यांचा वास आणि परंपरा मनाला बरी वाटते, पण केसांना होणारा फायदा मुख्यतः खोबरेलाचाच असतो. वेळ नसेल तर साधं खोबरेल लावा, काही बिघडत नाही.

शिकेकाई, रिठा आणि एक रुपयाचा शॅम्पू

अंगाचा साबण केसांना लावणं आधी बंद करा. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच ९-१० च्या घरात असतो. केसांना आणि टाळूला ५ च्या आसपासचं सौम्य आम्ल मानवतं. साबणाने केसाचे खवले उघडतात, एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. त्यात पाणी क्षारांचं असेल तर साबणाची चिकट साय केसांवर बसते. खायच्या सोड्याचंही तेच. ‘नैसर्गिक’ म्हणून तो डोक्याला लावण्याचे सल्ले फिरत असतात, ते ऐकू नका.

शिकेकाई स्वतः आम्लधर्मी असल्याने इथे ती उजवी ठरते. मात्र ती वापरायची एक रीत आहे, आणि ती चुकली की लोक ‘आम्हाला शिकेकाई मानवत नाही’ म्हणतात. मध्यम लांबीच्या केसांच्या एका न्हाण्याला सहा-सात शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले चार रिठे आणि मूठभर आवळकाठी रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाला. सकाळी पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा. पाणी दोन तृतीयांश उरलं की उतरवा, कोमट झाल्यावर हाताने कुस्करा आणि कापडातून गाळा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो. पिकलेले केस जरा गडद दिसावेत म्हणून मुद्दाम तसं करणारे आहेत, त्यांनी जरूर करावं, पण पांढरे टॉवेल लांब ठेवावेत.

गाळणं महत्त्वाचं आहे. वर्षाची पूड दळून आणली असेल तर तीही थेट केसांत घालू नका. तिचे खरखरीत कण केसांत अडकतात, ते काढताना केस तुटतात आणि दिवसभर खांद्यावर कोंड्यासारखे पडत राहतात. पूड पाण्यात उकळून तिचा काढाच वापरा. वर्षाच्या दळणाला अर्धा किलो शिकेकाई, दीडशे ग्रॅम रिठा, दोनशे ग्रॅम आवळकाठी, शंभर ग्रॅम मेथी, पन्नास ग्रॅम नागरमोथा आणि वासापुरता गवला कचरा हे प्रमाण ठीक आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून सगळं अख्खं आणा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मगच दळा. ओलसर दळलेल्या पुडीत पावसाळ्यात कीड पडते. रिठ्याचं प्रमाण वाढवू नका. त्याचा फेस जास्त होतो म्हणून मोह होतो, पण तो केस रखरखीत करतो आणि डोळ्यांत गेला तर खूप झोंबतो. लहान मुलांसाठी रिठा वगळा.

काढा एकदम डोक्यावर ओतायचा नाही. केस पूर्ण भिजवून घ्या, काढा थोडा थोडा टाळूवर घालत पेरांनी चोळा, तीन-चार मिनिटं थांबा आणि भरपूर पाण्याने धुवा. शिकेकाई जाड तेल काढू शकत नाही. तेल थापून मग शिकेकाईने न्हायलं की केस चिकट राहणारच. दहा मिलि तेल मात्र ती आरामात काढते. उरलेला काढा फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो. त्यानंतर आंबतो, मग तो झाडांना घाला.

एवढं करायला वेळ नसेल तर एक-दोन रुपयांची शॅम्पूची पुडीही चांगलीच आहे. शॅम्पू म्हणजे साबण नव्हे, त्याचा पीएच केसांना जवळचा असतो आणि कडक पाण्यातही त्याची साय होत नाही. फक्त तो थेट टाळूवर ओतू नका. अर्ध्या मगभर पाण्यात एक पुडी चांगली ढवळा आणि ते पाणी टाळूवर घाला. शॅम्पू एका जागी साचत नाही, निम्मा पुरतो आणि धुऊनही लवकर निघतो. टोकांना वेगळा लावायची गरज नाही, वरून ओघळणारा फेस त्यांना पुरतो.

किती वेळा न्हायचं, याला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. कोकणात, मुंबईत घाम आणि दमटपणा इतका असतो की आठवड्यातून दोन-तीनदा न्हायलाच हवं. टाळू कोरडी असेल तर एकदा-दोनदा पुरे. ‘जास्त न्हायलं की केस गळतात’ ही समजूत सोडून द्या. जे गळायचे ते सुटलेलेच असतात.

बोअरचं पाणी

मराठवाड्यात, विदर्भात आणि शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांमध्ये केसांचा सगळ्यात मोठा शत्रू टँकरचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी आहे. बादलीवर पांढरे डाग, गीझरच्या कॉइलवर थर, साबणाला फेस न येणं ही त्याची ओळख. असं पाणी केसांवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर ठेवतं. केस राठ होतात, रंग फिका दिसतो आणि कंगवा अडकतो.

सगळं पाणी बदलणं परवडत नाही आणि तशी गरजही नाही. शेवटचं लिटर-दीड लिटर पाणी बदललं तरी बराच फरक पडतो. रात्री दीड लिटर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळून झाकून ठेवा. सकाळी तळाशी पांढरा साका बसलेला असतो, तो न हलवता वरचं पाणी घ्या. सगळे क्षार उकळल्याने जात नाहीत, पण एक मोठा भाग जातो. या एका लिटरात एक मोठा चमचा साधा पांढरा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घाला आणि न्हाऊन झाल्यावर केसांवरून सोडा. यापेक्षा जास्त आम्ल नको. लिंबू कापून थेट टाळूवर चोळल्याने आग होते आणि केस कोरडे पडतात. घरी आरओ असेल तर शेवटच्या पाण्याला त्याचं शुद्ध पाणी घ्या. त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणी अजिबात घेऊ नका, त्यात क्षार अधिकच साठलेले असतात. पावसाळ्यात पहिले काही पाऊस जाऊ दिल्यावर पत्र्यावरून धरलेलं पाणी केसांना फार चांगलं.

ओला केस सगळ्यात नाजूक

ओला केस ताणला तर कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त लांबतो, आणि मर्यादा ओलांडली की पुन्हा मूळपदावर येत नाही. जास्तीत जास्त केस तुटतात ते न्हाल्यानंतरच्या अर्ध्या तासात.

खरखरीत टर्किश टॉवेलाने डोकं घासण्याऐवजी जुना, धुऊन मऊ झालेला सुती पंचा घ्या. केस घासायचे नाहीत. मुठीत धरून दाबत पाणी टिपायचं. पंचा दहा मिनिटं सैल गुंडाळून ठेवा, त्याहून जास्त नको. मग केस मोकळे सोडून पंख्याखाली वाळवा. ओल्या पंचाने केस झटकणं मात्र बंदच करा.

सरळ केस पाऊण वाळल्यावर विंचरावेत. कुरळे किंवा लाटेदार असतील तर उलट: ओले असतानाच, कंडिशनर लावलेला असताना, रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढावा आणि वाळल्यावर कंगवा लावूच नये. कुरळे केस कोरडे विंचरले की पिंजारतात आणि मग त्यांना ‘खराब केस’ म्हटलं जातं, पण ते खराब नसतात. दोन्ही प्रकारांत गुंता टोकाकडून काढायचा. खालचे चार बोटं आधी मोकळे करा, मग त्यावरचे चार बोटं, आणि सगळ्यात शेवटी मुळापासून टोकापर्यंत. वरून सुरुवात केली की सगळे गुंते खाली जाऊन एकाच जागी घट्ट बसतात. कंगवा वीस-तीस रुपयांचा चालेल, पण दातांवर साच्याची धारदार शीर नसावी. नखाने चाचपून बघा, खरवडलं तर तो केसालाही खरवडणार. लाकडी फणी चांगली, फक्त ती पाण्यात भिजत ठेवू नका.

वेणी सैल असावी. शाळेच्या दोन घट्ट वेण्या, रोजचा कपाळ ओढणारा अंबाडा, हेल्मेटखाली करकचून बांधलेला बुचडा यांनी कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस हळूहळू विरळ होतात. सुरुवातीलाच थांबलं तर ते परत येतात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर मुळंच मरतात. केस बांधल्यावर भुवया ताणल्यासारख्या वाटल्या किंवा टाळू दुखली तर वेणी सोडून पुन्हा घाला. पैसे-पाकिटांना लावायचा रबर केसांना कधीच नको. जुन्या सुती ओढणीची पट्टी कापून शिवलेला गोफ फुकटात होतो. रात्री केस मोकळे सोडून झोपण्यापेक्षा सैल वेणी घालावी, आणि उशीचा अभ्रा गुळगुळीत असावा. जुन्या रेशमी साडीच्या तुकड्याचा अभ्रा विकतच्या ‘सॅटिन पिलोकव्हर’इतकाच चांगला.

ओले केस बांधून कामाला निघणं पावसाळ्यात नाइलाजाचं होतं, हे मान्य. पण तसेच सात-आठ तास राहिले तर वास येतो आणि टाळू खाजते. त्या दिवसांत संध्याकाळी न्हायलेलं बरं.

घरगुती लेप: काय ठेवावं, काय सोडावं

जास्वंदीची पानं नक्की ठेवावीत. दहा-बारा पानं धुऊन, थोड्या पाण्यात चुरगळली की बुळबुळीत चिकट द्रव सुटतो. तो गाळून न्हाल्यावर टोकांना लावा, पाच मिनिटांनी धुवा. गुंता सहज सुटतो. फुलांपेक्षा पानांत हा चिकटपणा जास्त असतो.

कुरळ्या केसांसाठी जवसाचं जेल विकतच्या जेलच्या तोडीचं होतं. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मध्यम आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं उकळा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की लगेच, गरम असतानाच, पातळ कापडातून गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर ते कापडातून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावून मुठीत चुरगळायचं आणि हात न लावता वाळू द्यायचं.

कोरफड कुंडीतली असेल तर पान कापून वीस मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक गळून जाऊ द्या, खाज येते ती त्याच्यामुळे. मग आतला गर घ्या.

अंडं केसांना लावू नका, खा. त्यातली प्रथिनं केसात शिरण्याइतकी लहान नसतात, आणि कढत पाण्याने धुताना ते केसांतच शिजलं तर काढता काढता नाकी नऊ येतात. कांद्याच्या रसाची कीर्ती २००२ च्या एका छोट्या अभ्यासातून पसरली. तो चाई पडलेल्या, म्हणजे डोक्यावर गोल चट्ट्यांनी केस गेलेल्या लोकांवर होता, नेहमीच्या केसगळतीवर नव्हता. साधं गळणं किंवा तुटणं त्याने थांबत नाही, नाजूक टाळूची आग मात्र होऊ शकते.

मेंदीबद्दल एकच कळकळीचं सांगणं. शुद्ध मेंदी केस काळे करत नाही. ती तांबूस-नारिंगी रंग देते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत पीपीडी हे रसायन असतं. काहींना त्याची जोरदार अॅलर्जी येते, चेहरा आणि पापण्या सुजतात. वापरायचीच असेल तर कानामागे थोडी लावून ४८ तास वाट बघा, दर वेळी. एकदा त्रास झाला असेल तर पुन्हा कधीच नाही. शुद्ध मेंदीने केस कोरडे पडतात, म्हणून ती महिन्यातून एकदाच, पिकलेल्या मुळांपुरती लावा. त्या दिवशी नुसत्या पाण्याने धुवा, तेल दुसऱ्या दिवशी.

कोंडा असेल तर तेल थांबवा

कोंडा म्हणजे कोरडी टाळू, आणि कोरड्याला तेल, असा सरळ तर्क बहुतेक घरांत असतो. खरा कोंडा बहुधा मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीमुळे होतो आणि ती टाळूवरच्या तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. तेल मुरवलं की तासभर पापुद्रे दबतात आणि दोन दिवसांनी दुपटीने येतात. टाळूचं तेल बंद करा, टोकांना चालेल. औषधाच्या दुकानातला २ टक्के किटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरा. लावल्यावर तीन ते पाच मिनिटं घड्याळ लावून थांबा. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, आणि ‘काही उपयोग झाला नाही’ असं वाटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा. जाड पिवळट खपल्या, कानामागे भेगा किंवा रक्त येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मुळासकट गळत असतील तर

टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झपाट्याने वजन उतरवणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. मधे इतका काळ गेलेला असतो की कारण लक्षातच येत नाही आणि दोष नव्या शॅम्पूवर जातो. एकाच वेळी पुष्कळ केस विसाव्यात गेलेले असतात, ते एकदमच सुटतात. बहुतेकदा सहा महिन्यांत हे आपोआप थांबतं आणि कपाळाच्या कडेला नवे आखूड केस उभे राहिलेले दिसतात. त्या काळात महागडे उपचार घेऊ नका, पोटभर जेवा.

दुसरं मोठं कारण लोहाची कमतरता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाळीला रक्तस्राव जास्त, चढताना धाप, नखं ठिसूळ आणि केस विरळ, असं एकत्र असेल तर तेल बदलून काहीच होणार नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. थायरॉइड, बी१२ आणि ड जीवनसत्त्वाचीही डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करा. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, पण किती आणि किती दिवस घ्यायच्या ते तिथेच विचारा.

ताटात स्वस्तातलं लोह भरपूर आहे: अळीव, मेथी-राजगिऱ्यासारख्या पालेभाज्या, मटकी, काळे चणे. ते अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली सवय इथे फार उपयोगी आहे, तीच उसळीवर आणि भाजीवर आणा. जेवणाला लागून घेतलेला चहा लोह शोषू देत नाही, तासभर तरी मधे जाऊ द्या. केस प्रथिनांचाच असतो. मूठभर शेंगदाणे, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, एखादं अंडं किंवा ताकाऐवजी दही, एवढं रोज पोटात गेलं पाहिजे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं, म्हणून कूट हात राखून घालू नका.

‘हेअर गमीज’ आणि बायोटिनच्या गोळ्यांवर महिन्याला पाचशे-हजार रुपये घालवण्यापूर्वी थांबा. बायोटिनची कमतरता क्वचित असते आणि ती नसेल तर या गोळ्यांनी केस वाढत असल्याचा भक्कम पुरावा नाही. शिवाय जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताचे काही अहवाल चुकवतं. थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची तपासणीही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. अशा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये तसं स्पष्ट सांगा.

डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, भांग दर वर्षी रुंद होत चालला, टाळूवर पू किंवा वेदना असली, तर घरचे उपाय बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोगाची ओपीडी असते आणि केसपेपर अगदी थोड्या पैशांत निघतो. जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नका, टाळू नीट दिसत नाही. गेल्या सहा महिन्यांतले आजार आणि चालू गोळ्यांची नावं कागदावर लिहून न्या.